लेकरा, आधी घरं ओळख

लेकरा, उपासना तुझ्याकडे सोपवली हे फार चांगलं झालं. महिन्यातून एकदा पाळकसाहेब येतील. प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा हे त्यांच्याच हातचं काम. बाकीचे रविवार तू उभा राहणार. तुझा आवाज चांगला आहे, वाचन आहे, चार लोकांत बोलायची सवय आहे, म्हणून मला तुझ्या बोलण्याची काळजी नाही. समोर बसलेली मंडळी सगळी सारखीच दिसते आणि नवा माणूस सगळ्यांना मिळून एकच काहीतरी बोलत सुटतो, त्याची काळजी आहे. म्हणून व्यासपीठाचं नंतर बघू. आधी घरं ओळख.

या आठवड्यात एकेका घरी जा. जाताना दोघं जा. घरात बाईमाणूस एकटी असेल तर ओसरीवरूनच विचारपूस करून परत फीर. बायबल हातात असू दे, पण बसल्या बसल्या उघडू नको. पाणी दिलं तर पी, चहा ठेवला तर घे, आणि चहा बिनदुधाचा असेल तर तोच गोड मानून घे. दूध आणायला पोराला दुकानात पिटाळू देऊ नको. ते दूध उधारीवर येतं. मग ऐकत बस. कोणाची सोयाबीन भिजली, कोणाची लेक माहेरी येऊन बसली, कोणाच्या गुडघ्याला खाली बसवत नाही, कोणाचं पोरगं दहावीला आहे. घरी आल्यावर एका वहीत प्रत्येक घराला एक पान दे आणि तेवढंच लिही. ज्याला खाली बसवत नाही त्याच्यासाठी रविवारी कडेला एक खुर्ची मांडून ठेव, न बोलता. मात्र कोणी डोळ्यांत पाणी आणून मनातलं सांगितलं तर ते वहीत येता कामा नये. वह्या लोकांच्या हाती लागतात.

वेळेचं सांगते. शहरातल्या मंडळीत सकाळी नऊला घंटा होते म्हणून आपणही नऊला बसायचं, असं नाही. वेचणीच्या दिवसांत कापसाची मजुरी किलोवर मिळते. सकाळी उपासनेला आलेली बाई त्या दिवसाचे पैसे सोडून आलेली असते. त्या दिवसांत उपासना संध्याकाळी घे, दिवा लागल्यावर, आणि तासाभरात सोड, कारण घरी भाकरी थापायची राहिलेली असते. पेरणीच्या ओढीतही तसंच. आणि आपल्याकडची मोठी गोष्ट म्हणजे ऊसतोड. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयत्यावर जातात. लेकरं, शेळ्या, पीठ, भांडी, सगळं ट्रकमध्ये चढतं आणि गाव रिकामं होतं. नाताळ येतो तेव्हा आपली किती तरी माणसं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कोपीत असतात. पहाटे थंडीत फडात शिरायचं आणि रात्री-अपरात्री गाडी भरायची, असे त्यांचे दिवस. त्यांना नाताळच्या शुभेच्छा मोबाईलवर पाठवून मोकळा होऊ नको. मंडळीच्या पैशातून प्रवासखर्च घे, दोघं-तिघं मिळून एखाद्या फडावर जा, रात्री कोपीपुढं शेकोटीला बसून ख्रिस्तजन्माचा पाठ वाचा, आणि लेकरांना स्वेटर नेता आले तर न्या. नाताळची तारीख हलवता येत नाही, पण उपकारस्तुतीची उपासना आपल्या हातात आहे. ती पट्टा पडून, म्हणजे तोडीचा हंगाम संपून, माणसं गावी परतल्यावरच ठेव.

आता उपासनेतलं. शास्त्रपाठ शनिवारी रात्री मोठ्यानं वाचून बघ, एकदा नाही, तीन-चारदा. नावं अडखळतात तिथं पेन्सिलीनं खूण कर. आपल्यातल्या काही म्हाताऱ्यांना अक्षर ओळखता येत नाही. त्यांच्यासाठी तू जे वाचतोस तेच आठवड्याचं शास्त्र असतं. घाईत वाचलंस तर त्यांचा आठवडा कोरडा जातो. पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत काय केलं ते लक्षात ठेव. संस्कृतात वाढलेली ती विदुषी. पण हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळं बायबल साध्या मराठीत आणलं, का, तर खेड्यातल्या बाईला ते ऐकून कळावं. छपाईचं काम केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या मुली-बायकांनीच केलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या तोवर भाषांतर हातावेगळं झालेलं होतं. एवढी मेहनत ऐकणारीसाठी केली गेली. तुला फक्त नीट वाचायचं आहे.

वाचायला नेहमी तूच उभा राहू नको. एका रविवारी शाळकरी मुलीला दे, एका रविवारी सुनेला दे. आधी दोन दिवस पाठ सांगून ठेव म्हणजे ती घरी चार वेळा वाचेल, आणि तिच्याबरोबर तिचं घरही ऐकेल.

गीताचा स्वर पेटीवाल्याच्या सोयीनं धरू नको. पुरुषांना काळी एक सोयीची पडते, पण बायकांना त्या स्वरात अंतरा वर जाऊन ताणतो. काळी चारला बायका खुलतात तर पुरुषांचे गळे बसतात. म्हणून गीत ठरलं की आधी त्यातली सगळ्यात उंच जाणारी ओळ म्हणून बघ. ती ओळ म्हाताऱ्या बाईला न ओरडता म्हणता आली पाहिजे. तिथून खाली मोजत ये आणि मग षड्ज लाव. एवढं केलंस की अर्धी मंडळी गप्प बसते ती बसणार नाही. लय ढोलकीच्या हातात जाऊ देऊ नको. ढोलकी वाजवणाऱ्या पोराचा उत्साह मोठा असतो आणि तिसऱ्या कडव्याला सगळे धापा टाकतात.

पोरं मोबाईलवर ट्रॅक लावून हिंदी गाणी म्हणतात, तर एखादं म्हणू दे. त्यांचीही मंडळी आहे. पण ‘उपासना संगीत’मधली निदान दोन गीतं दर रविवारी झालीच पाहिजेत, आणि त्यांतलं एक असं असावं की जे म्हाताऱ्यांना पुस्तकाशिवाय येतं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. पुढं नगरला राहून त्यांनी अभंग आणि ओव्या रचल्या, कीर्तनं केली आणि ख्रिस्ताची भक्ती आपल्या मातीच्या चालीवर आणून बसवली. त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण ओवीत छापून निघालं होतं. टाळ-मृदंगावर देवाचं नाव घेणं आपल्याला परकं नाही. कोणी म्हणालं की टाळ नको, तो आपला नाही, तर वाद घालू नको. टिळकांचं एखादं भजन टाळावर म्हणून दाखव.

प्रार्थना लहान ठेव. आणि एक गोष्ट कधीच करू नको: कोणाचं नाव घेऊन त्याची दारू, त्याचं कर्ज, त्याच्या घरातलं भांडण सगळ्यांच्या देखत देवापुढं मांडू नको. देवाला ते आधीच ठाऊक असतं आणि गावाला ते तुझ्या तोंडून कळतं. आजाऱ्यांची नावं घे, फडावर गेलेल्यांची घे, परीक्षेला बसणाऱ्यांची घे. गावाच्या पाण्यासाठी, सरपंचासाठी, शाळेतल्या गुरुजींसाठी प्रार्थना कर, मग ते आपल्यातले असोत की नसोत.

जागृतीचं बोलते, कारण लोक तुला त्याबद्दल विचारणार आहेत. उज्जीवन सभा कधी घ्यायची? मंडप कुठं टाकायचा? बाहेरून वक्ता कोणता आणायचा? मंडप टाकायला माझी ना नाही. पण आपल्या महाराष्ट्रात जी खरी जागृती झाली ती कशी झाली, ते आधी ऐक.

केडगाव, १९०५ साल. मुक्तीमध्ये तेव्हा शेकड्यांनी मुली आणि बायका होत्या. १८९६-९७ च्या आणि त्यानंतरच्या दुष्काळातून रमाबाईंनी किती जणींना स्वतः जाऊन आणलं होतं. वेल्सकडं लोक देवाकडं वळत असल्याची बातमी आली होती. रमाबाईंनी त्या वर्षी जानेवारीत मुलींना विचारलं, रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण बसेल? सत्तरेक जणी पुढं आल्या. रोज बसत गेल्या, संख्या वाढत वाढत जूनपर्यंत पाचशेच्या वर गेली. मग गावोगाव जाऊन सुवार्ता सांगायला कोण तयार आहे, असं त्यांनी विचारलं, आणि मुली त्यासाठीही प्रार्थना करू लागल्या. जूनच्या शेवटी, २९ आणि ३० तारखेला, जे व्हायचं ते झालं. रमाबाई नेहमीच्या शांत आवाजात योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावत होत्या, आणि मुली रडत, मोठ्यानं प्रार्थना करत राहिल्या, इतक्या की बाईंना बोलणं थांबवावं लागलं.

यातून काय घ्यायचं ते मी सांगते. जानेवारी ते जून, सहा महिने, रोज प्रार्थना चालली होती. कोणी आरोळी दिली नव्हती, जाहिरात नव्हती. आणि ज्या क्षणी जागृती आली त्या क्षणी पुढारीण बोलायची थांबली. स्वतःचा पाठ पुरा करण्याचा हट्ट तिनं धरला नाही. पुढं त्या मुली टोळ्या करून आजूबाजूच्या गावांत गेल्या. तुराट्यांचा जाळ उंच जातो, पण भाकरी बाभळीच्या लाकडावर होते. तुझ्याकडं रोज संध्याकाळी बसणारे तीन जण असतील तर मंडपाच्या आधी त्यांना धर. दिवस ठरव, वेळ ठरव, अर्धा तास ठरव. चौथा आला तर आनंद कर, नाही आला तर तिघंच बसा.

खरी जागृती ओळखायची कशी, तेही सांगते. आपल्याच भागात दोन भाऊ होते. बांधावरून बोलणं बंद, एकमेकांच्या घरचं लग्न चुकवलेलं. थोरल्यानं बांध कोरून कोरून धाकट्याच्या रानात हातभर सरकवला होता. गुरुवारच्या प्रार्थनेत जक्कयाचा पाठ झाला: लोकांना लुबाडलेलं चौपट परत करायला निघालेला तो जकातदार. थोरला प्रार्थनेनंतर काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो कुदळ-फावडं घेऊन रानात गेला आणि बांधाचे दगड उचलून जुन्या जागी मांडू लागला. मी ताक घेऊन त्या वाटेनं जात होते. धाकटा विहिरीपाशी उभा राहून बघत होता. थोड्या वेळानं तोही आला आणि दगडाला दुसऱ्या बाजूनं हात लावला. साक्ष देणं, टाळ्या वाजवणं, काही झालं नाही. तुझ्या सभेनंतर गावात बांध सरकले, उधाऱ्या फिटल्या, सुनेला मारणारा हात थांबला, तर जागृती आली असं समज. रडणं खरं असेल, नसेल, ते तू ठरवू नको. सोमवारी काय होतं ते बघ.

तरी सभेत कोणी रडायला लागलं, अंगात कंप आला, मोठ्यानं ओरडलं, तर काय करायचं हे आधीच ठरवलेलं असावं. माईक त्या माणसाजवळ नेऊ नको. बाई असेल तर शेजारी एक वयस्क बाई बसव, डोक्यावर पदर सारखा करून पाणी द्यायला सांग. कोणालाही मोबाईलवर चित्रीकरण करू देऊ नको. हे उपासना सुरू व्हायच्या आधीच सांगून टाक, म्हणजे ऐन वेळी कोणाचा हात धरावा लागत नाही. गर्दीपुढं तिला प्रश्न विचारू नको, तिच्यात काय शिरलं होतं असं तर मुळीच बोलू नको. दोन-तीन दिवसांनी घरी जाऊन विचार, बरं वाटतंय का, झोप लागते का, काही सांगायचं आहे का. कधी ती देवाची हाक असते, कधी उपाशी पोट असतं, कधी घरातला मार असतो. तिन्हीकडं आपलं काम आहे.

नहेम्याच्या आठव्या अध्यायात बघ. पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचलं गेलं, लोक उभे राहून ऐकत होते, लेवी लोक अर्थ समजावून सांगत होते, आणि ऐकता ऐकता सगळे रडू लागले. पुढाऱ्यांनी ते रडणं वाढवलं नाही. रडू नका म्हणाले, घरी जाऊन गोडधोड खा, आणि ज्याच्या घरी काही शिजलं नाही त्याला वाटा पाठवा म्हणाले. मला हा भाग फार आवडतो. रडण्याच्या पुढं ताटाची आठवण ठेवणारा पुढारी मंडळीला हवा.

औषधाबद्दल मी कडक आहे. प्रार्थनेनं देव बरं करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच सांगते, टीबीची, साखरेची, रक्तदाबाची, फिट्सची गोळी बंद करायला कोणी सांगितलं, मग तो बाहेरचा कितीही नावाजलेला वक्ता असो, तू तिथंच उभा राहून म्हण: गोळी चालू ठेवा, डॉक्टरांना विचारा. जालन्याचं मिशन हॉस्पिटल आपल्याच वाडवडिलांच्या श्रद्धेतून उभं राहिलं. स्कॉटलंडहून आलेल्या माणसांनी प्रार्थनाही केली आणि दवाखानाही चालवला, दोन्ही एकाच येशूच्या नावानं.

पुढारपण कसं करायचं म्हणतोस, तर आपल्याच जिल्ह्यात राबलेला माणूस बघ. नारायण शेषाद्री. ब्राह्मण घरातले, १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, पुढं स्कॉटिश मिशनचे पाळक. १८६० नंतरच्या वर्षांत ते जालन्याकडं आले. त्यांच्या शब्दाला ओ देणारे बहुतेक लोक मांग-महार वस्त्यांतले होते, गावकुसाबाहेरचे. त्यांना नुसतं प्रवचन देऊन ते थांबले नाहीत. निजाम सरकारकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल वसवलं: घरं, शेती, शाळा आणि मध्ये उपासनामंदिर. १८७३ साली न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद झाली, तिथंही ते बोलले, आणि परतून पुन्हा इथल्याच कामाला लागले. ज्या जातीत जन्मले तिची पायरी उतरून ज्यांच्यात त्यांनी घर केलं, त्या लोकांची पणतवंडं आज शिक्षक आहेत, परिचारिका आहेत. आपला परतूर तालुका १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यात होता, म्हणून कदाचित आपल्या घरांत बेथेलचं नाव कमी निघतं. तू ते काढ. तरुण संघाला एकदा तिथं घेऊन जा.

आणि मंडळीत जात पुन्हा शिरू देऊ नको. ती मागच्या दारानं येते: लग्न जुळवताना, पंक्तीत बसताना, कमिटी निवडताना. कोण कोणाच्या शेजारी बसत नाही ते तुझ्या लक्षात येईल. प्रीतिभोजनात तू स्वतः त्या रिकाम्या जागी जाऊन बस आणि वाढणाऱ्यालाही तिथूनच सुरुवात करायला सांग.

सगळं एकट्यानं उचलू नको. मोशेनंही तेच केलं होतं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे खटले ऐकत बसायचा. त्याचा सासरा इथ्रो आला, दिवसभर बघत बसला आणि म्हणाला की तूही थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमायला त्यानंच सांगितलं. आपल्या मंडळीला दहांवरची माणसं पुरे. एकाकडं गीतं, एकीकडं रविवारची शाळा, एकाकडं सतरंज्या आणि किल्ली, दोघींकडं आजाऱ्यांच्या घरभेटी. किल्ली तुझ्याकडं नको. तू लग्नाला गेलास म्हणून उपासना बंद राहिली, असं एकदाही होऊ नये.

पैशाचं थोडक्यात. दान दोघांनी मोजायचं, त्यात तू नाहीस. मोजलं की तिथंच वहीत लिहून दोघांच्या सह्या. पैसे कोणाच्या घरी राहता कामा नयेत, सोमवारी बँकेत. मंडळीतल्या कोणाकडून उसनं घेऊ नको आणि कोणाला व्याजानं देऊ नको. एखाद्याला मदत लागली तर कमिटीतून दे आणि त्याचं नाव उपासनेत घेऊ नको. निवडणुकीत मत कोणाला द्यायचं हे व्यासपीठावरून सांगू नको. उमेदवार पेढे घेऊन आला तर पेढे घे, माईक देऊ नको.

शेजारच्या घरांचं भान ठेव. पारायण चालू असेल तर आपला स्पीकर बंद. कोणाच्या देवाबद्दल वाकडा शब्द तुझ्या तोंडून किंवा तू बोलावलेल्या वक्त्याच्या तोंडून निघता कामा नये. आपल्याकडं कोणी येशूबद्दल विचारायला आला तर घाई करू नको. त्याला शुभवर्तमान वाचायला दे, घरच्यांशी बोलायला सांग, आणि पाळकसाहेबांशी गाठ घालून दे. धान्य, पैसे, नोकरी यांचं नाव अशा बोलण्यात काढायचंच नाही. दुष्काळात मदत सगळ्यांना, विश्वासाचं बोलणं वेगळ्या दिवशी.

तुझ्या स्वतःसाठी एवढंच: रविवारी संध्याकाळी कोणी तुझी स्तुती केली किंवा कोणी तुला टोचलं, तर त्या रात्री कोणालाच उत्तर देऊ नको. जेव, झोप. बायकोला विचार की कुठं लांबलं. तिचं ऐक, ती सतरंजीवरून बघत असते.

येत्या रविवारसाठी नहेम्याचा आठवा अध्यायच घे, पण पहिली बारा वचनं, पुढं वाचू नको. चौथ्या आणि सातव्या वचनात नावांची रांग आहे, ती जड जातात, म्हणून परवा संध्याकाळी माझ्याकडं ये आणि वाचून दाखव. येताना पेटीवाल्यालाही घेऊन ये, स्वर इथंच ठरवू.